बगाड, नवस आणि ‘आमच्यात असतं’ : धर्म म्हणजे काय, हे अभ्यासक कसं ठरवतात

वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीला देवाला कौल लावतात आणि नवस फेडायला आलेल्यांतून त्या वर्षीचा बगाड्या ठरतो. रंगपंचमीला कृष्णेच्या काठी, सोनेश्वराजवळ, त्याला उंच शिडाला बांधतात आणि बैलांच्या जोड्या बदलत बदलत तो गाडा शेतांतून गावात ओढून आणतात. यातला ‘धर्म’ नेमका कुठला? कौल? नवस? की कुणाच्या बैलांनी कुठल्या शिवारात गाडा ओढायचा हा मान, आणि त्या दिवशी घरोघरी जेवायला उतरणारे पाहुणे? बावधनच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मानवशास्त्राच्या अभ्यासकाला पडतो, कारण वहीत काय उतरवायचं आणि काय सोडायचं हे त्याला आधी ठरवावं लागतं. धर्माच्या व्याख्येची गरज लागते ती इथे.

आधी एक घोटाळा निस्तरू. धर्माचा अभ्यास म्हटलं की सातारा जिल्ह्यातल्या वाचकाला दोन परंपरा आठवतात. एक वाईची. प्राज्ञपाठशाळेत शास्त्र शिकून त्याच शास्त्राची परखड चिकित्सा करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या परंपरेतले. दुसरी साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांची : दावा केलात ना, मग तपासून दाखवा. मानवशास्त्राचा अभ्यासक या दोन्हींहून वेगळ्या जागी उभा असतो. देव आहे की नाही, नवस खरंच पावतो की नाही, यावर तो मत देत नाही. नवस कोण बोलतं, कुणाच्या वतीनं, कशासाठी, तो फेडला नाही तर काय होईल असं लोक समजतात आणि फेडताना कोण कोण हजर लागतं, हे तो विचारतो. यामुळे भक्ताला तो नास्तिक वाटतो आणि विवेकवाद्याला बोटचेपा. दोन्हीकडून बोलणी खाण्याची तयारी या विषयात ठेवावीच लागते.

दुसरा घोटाळा शब्दाचा. इंग्रजीतल्या ‘रिलिजन’ला आपण ‘धर्म’ म्हणतो खरं, पण मराठीतला धर्म त्या मापात बसत नाही. खाली वाहणं हा पाण्याचा धर्म. दारात आलेला ‘धर्म करा माय’ म्हणतो तेव्हा तो भाकरी मागत असतो. धर्मशाळेत कुणी धर्म शिकवत नाही. कुळधर्म-कुळाचार म्हणजे आपल्या कुळानं आपल्या देवाचं काय काय करायचं त्याची यादी. जनगणनेच्या तक्त्यातला ‘धर्म’ हा रकाना या सगळ्याहून वेगळा. तिथे सहा प्रमुख धर्म आणि उरलेल्यांसाठी ‘इतर’, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. एकाच माणसाला एकाच दिवसात हे सगळे अर्थ लागू पडतात आणि त्याला त्यात काही अडत नाही.

क्रियापदांकडेही पाहा. ‘तुम्ही मरिआईवर विश्वास ठेवता का?’ असं खानापूर-आटपाडीकडच्या आजींना विचारलं तर प्रश्नच परका वाटेल. त्या म्हणतील, ‘आमच्यात असतं तिचं’ किंवा ‘आमच्यात करत्यात’. ‘आमच्यात चालत नाही’ हे त्याचं दुसरं टोक. या बोलीत पुढे येतं ते ‘करणं’ आणि ‘आमचं असणं’. विश्वास मागे कुठेतरी असतो, किंवा नसतोही. रॉडनी नीडहॅम या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता : ‘बिलीफ’ ही मनाची अवस्था जगातल्या सगळ्या भाषांत, सगळ्या माणसांत सारखीच सापडते असं आपण गृहीत का धरतो? हा प्रश्न ध्यानात ठेवून आता जुन्या व्याख्या एकेक करून आपल्या जत्रांवर घालून पाहू.

पहिली एडवर्ड टायलरची, १८७१ सालची. धर्म म्हणजे आत्मिक शक्तींवरचा, जिवंत अदृश्य सत्त्वांवरचा विश्वास. आटोपशीर व्याख्या आहे आणि अजूनही कामाला येते. भैरवनाथ, बिरोबा, खंडोबा, पितर, मुंजा, आसरा हे सगळे हिच्यात सहज मावतात. अडतं ते सांगली जिल्ह्यातल्या जैन शेतकऱ्याच्या दारात. तीर्थंकर मुक्त झालेले आहेत, ते जगाचा कारभार चालवत नाहीत, कुणाचं भलं-बुरं करायला येत नाहीत, असं जैन तत्त्वज्ञान सांगतं. मग बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज होणारा अभिषेक धर्मात धरायचा की नाही? टायलरच्या मापानं त्याच बस्तीतली पद्मावती देवी आत येते आणि मूळ मूर्ती बाहेर राहते. बौद्धांच्या बाबतीत हाच पेच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं दाखवून दिला होता. माणसाला न पटणारं मोजमाप निघालं की समजावं, व्याख्येनं एकाच परंपरेचं माप सगळ्यांना लावलंय.

जेम्स फ्रेझरचा ‘द गोल्डन बाऊ’ हा ग्रंथ १८९० चा. त्यानं जादू आणि धर्म वेगळे काढले. जादूत माणूस निसर्गाला हुकूम सोडतो, धर्मात विनवणी करतो. जादूचे त्यानं दोन नियम सांगितले. सारख्यातून सारखं घडतं, हा एक. आणि एकदा संपर्कात आलेल्या वस्तू वेगळ्या झाल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात, हा दुसरा. करणीच्या गोष्टींत बाहुली असते ती पहिल्या नियमानं, आणि केस, नखं, पायाखालची माती मागतात ती दुसऱ्या नियमानं. माण-खटाव, जत भागात पाऊस लांबला की पोराला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरवतात आणि घराघरातून त्याच्यावर तांब्या ओततात. सर्बियात पानांनी झाकलेल्या मुलीवर असंच पाणी ओतण्याची चाल होती आणि फ्रेझरनं ती नोंदवली आहे. तो दोन्हींना पहिल्या नियमात बसवेल : पाणी पाडून पाणी मागणं.

पण मग पावसासाठी महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवून ठेवतात, ते काय? आरती चालू आहे, म्हणजे विनवणी आहे. देवाला पाण्यात कोंडून ठेवलंय, म्हणजे जबरदस्तीही आहे. नवसाचंही तसंच : ‘पोरगं बरं होऊ दे, बगाड घेईन’ यात मागणं आहे, सौदा आहे आणि उधारीची भीतीही. फ्रेझरची रेघ कागदावर सरळ दिसते, गाभाऱ्यात ती पुसली जाते. आजही वर्तमानपत्रं ‘हा धर्म नाही, ही जादू’ असा निवाडा करतात तेव्हा ती फ्रेझरच्याच रेघेवर उभी असतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या विधीला जादू म्हणतात, स्वतःच्या विधीला धर्म.

टायलर आणि फ्रेझर दोघेही मुख्यतः इतरांनी लिहून पाठवलेल्या माहितीवर विसंबले. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोवस्की मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला, भाषा शिकला. त्याचं गाजलेलं निरीक्षण असं : खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना लोक जादूटोणा करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना मात्र विस्तारानं करतात. जिथे ज्ञान आणि कसब पुरतं तिथे विधी लागत नाही, जिथे जोखीम उरते तिथे लागतो. हे तपासायला सांगली जिल्हा फार सोयीचा आहे. कृष्णाकाठचा ऊस आणि जतची कोरडवाहू ज्वारी एकाच जिल्ह्यात आहेत, आणि म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी काही दुष्काळी गावांत पोचलं ते आजच्या पिढीच्या डोळ्यांदेखत. मॅलिनोवस्की बरोबर असेल तर पाणी आल्यावर पावसाचे विधी कमी व्हायला हवेत. धोंडी कमी झाली, हे पटण्यासारखं आहे. पण पैसा आला की जत्रा मोठी होते, लहान नाही. म्हणजे त्याची व्याख्या संकटाच्या विधीला लागू पडते, मिरवण्याच्या विधीला नाही.

त्याला रॅडक्लिफ-ब्राऊननं १९३९ मध्ये उलटं उत्तर दिलं : विधी भीती घालवतो असं कसं म्हणता, कित्येकदा विधीच भीती निर्माण करतो. नवस बोललाच नसता तर तो राहिला म्हणून घरात दुखणं आलं, ही धास्तीही नसती. ‘देवाचं राहिलंय’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना रॅडक्लिफ-ब्राऊन वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

इव्हान्स-प्रिचर्डचा १९३७ चा, मध्य आफ्रिकेतल्या आझांदे लोकांवरचा अभ्यास इथे थोडक्यात सांगतो, कारण ‘करणी’ समजायला त्याच्याइतका उपयोगी अभ्यास दुसरा नाही. धान्याची कणगी कोसळून खाली बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीनं खाल्ला होता हे आझांदे माणसाला ठाऊक असतं. त्याचा प्रश्न पुढचा असतो : नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना, नेमकं त्याच घटकेला ती का कोसळली? त्याचं उत्तर चेटूक. आपल्याकडे विहिरीच्या मोटारीचा शॉक बसला तर तार उघडी होती हे सगळ्यांना कळतं. ‘पण ह्योच का?’ हा प्रश्न उरतो आणि देवऋषी त्या उरलेल्या प्रश्नाचं उत्तर विकतो. नुसतं विज्ञान शिकवून करणीची समजूत जात नाही याचं कारण इथे आहे. विज्ञान ‘कसं’ सांगतं, माणूस ‘मीच का’ विचारत असतो.

आता दुर्खीम, १९१२. त्याच्या व्याख्येचे भाग सुटे करून पाहावे लागतात. समजुती आणि आचार या दोन्हींची मिळून एक गुंफण. ती पवित्र, म्हणजे वेगळ्या काढलेल्या आणि निर्बंध घातलेल्या वस्तूंभोवती असते. आणि ती पाळणाऱ्यांचा मिळून एक नैतिक समुदाय होतो. देवाचं नावसुद्धा नाही. त्यामुळे जैन बस्ती आत आली. जादू आणि धर्म यांतला त्याचा फरकही फ्रेझरपेक्षा उपयोगी : जादूगाराला गिऱ्हाइकं असतात, समुदाय नसतो. देवऋषीकडे बसलेली दहा माणसं एकमेकांची कुणी नसतात, तोंड लपवून बसलेली असतात. बगाडामागे चालणाऱ्यांचं तसं नसतं. २०२१ मध्ये कोरोनाची बंदी असताना बावधनला बगाड निघालंच आणि पोलिसांनी गावकऱ्यांवर गुन्हे नोंदवले. योग्य झालं की अयोग्य, हा वेगळा वाद. पण नवस एकाचा असतो आणि गाडा गावाचा असतो, हे त्यातून दिसलं. दुर्खीम म्हणेल, गाव तिथे स्वतःलाच ओढत होतं.

तरी तोही दोन ठिकाणी अडखळतो. कडेगावचा मोहरम घ्या. गगनचुंबी ताबूतांच्या भेटी पाहायला माणसं लोटतात, आणि त्या ताबूतांत हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात, मान असतो. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसातही गर्दी एका धर्माची नसते, आणि त्याच दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. दुर्खीमचा ‘एक समुदाय’ इथे कुठला मोजायचा? जनगणनेच्या रकान्यातला की कडेगावातला? दुसरी अडचण अशी की समुदाय म्हटला की तो एकसंध वाटतो. जत्रेत मानपान ठरलेला असतो : वाजवणारे कोण, पालखीला खांदा देणारे कोण, गाभाऱ्यात जाणारे कोण. ‘सगळा गाव एक होतो’ हे वाक्य बहुतेक वेळा खांदा देणाऱ्यांकडून ऐकू येतं. वाजवणाऱ्यांनाही विचारावं.

हीच गोष्ट वारीच्या अभ्यासात ठळक झाली. व्हिक्टर टर्नरनं यात्रेबद्दल मांडलं होतं की रोजच्या जगातले दर्जे गळून पडतात आणि माणसं बरोबरीच्या नात्यानं भेटतात. इरावती कर्वे स्वतः पंढरीला चालत गेल्या तेव्हा त्यांना दिसलं की दिंड्या जातवार आहेत आणि पंगतीही वेगळ्या आहेत. एकाच वाटेनं चालणारी माणसं जेवायला मात्र फुटतात. टर्नरला हे लिखाण ठाऊक होतं आणि त्यानं ते विचारात घेतलं. एका मराठी बाईंच्या पायी चालण्यानं एका जागतिक सिद्धांताला मुरड पडली, असं म्हणायला हरकत नाही.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, पादुकांना नीरास्नान होतं, लोणंदचा मुक्काम, पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. क्लिफर्ड गीर्ट्झची १९६६ ची व्याख्या समजावून घ्यायला हा टप्पा चांगला. तो म्हणतो, धर्म म्हणजे प्रतीकांची एक व्यवस्था (पादुका, पताका, तुळस, टाळ). ती माणसात खोल, टिकाऊ मनोवृत्ती आणि प्रेरणा निर्माण करते. त्यासाठी ती जगाच्या एकूण रचनेबद्दल काही कल्पना मांडते. त्या कल्पनांभोवती वस्तुस्थितीचं वलय उभं करते. आणि मग त्या मनोवृत्ती एकमेव खऱ्या वाटू लागतात. मनोवृत्ती आणि प्रेरणा यांतला फरक विद्यार्थी नेहमी चुकवतात. प्रेरणेला दिशा असते : एकादशी धरायची, पुढच्या वर्षी पुन्हा निघायचं. मनोवृत्तीला दिशा नसते, फक्त कमीजास्तपणा असतो : रिंगणात घोडा सुटल्यावर जे दाटून येतं ते.

व्याख्या सुरेख आहे, आणि तिथेच शंका येते. तलाल असद यांनी १९९३ च्या ग्रंथात ती बोलून दाखवली. प्रतीक आपोआप माणूस घडवतं का? तुळशीची माळ दुकानात टांगलेली असते तेव्हा काहीच घडवत नाही. गळ्यात आल्यावर मांस सुटतं, पण ते सुटतं कारण घरच्यांचं लक्ष असतं, दिंडीला शिस्त असते, विणेकरी असतो, माळ घातलेला माणूस घसरला तर चावडीवर बोलणी बसतात. शिस्त आणि अधिकार वगळून अर्थ सांगता येत नाही, हा असद यांचा मुद्दा. त्यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं की धर्म म्हणजे आधी मनातला विश्वास, हीच कल्पना युरोपच्या एका विशिष्ट इतिहासातून आली, तिथे ख्रिस्ती धर्म राज्यकारभारापासून सुटून खासगी झाला तेव्हा. ती कल्पना जगभर लावली की आमच्या ‘आमच्यात असतं’चं भाषांतर ‘आमचा विश्वास आहे’ असं होऊन बसतं. मला या सगळ्या वादात असद यांचं पारडं जड वाटतं. अर्थात त्यांच्याकडून धर्माची नवी व्याख्या मागायला गेलं तर रिकाम्या हातानं परतावं लागतं. सगळीकडे चालेल अशी व्याख्या असूच शकत नाही, हेच त्यांचं म्हणणं.

मग करायचं काय? मेलफर्ड स्पायरोची १९६६ चीच व्याख्या कामचलाऊ म्हणून बरी : एखाद्या संस्कृतीनं मानलेल्या अतिमानवी शक्तींशी त्या संस्कृतीनं ठरवून दिलेल्या रीतीनं केलेला व्यवहार. हिच्यात ‘व्यवहार’ पुढे आहे, म्हणून नवसाला ती फिट्ट बसते. जेम्स ल्युबानं १९१२ मध्ये धर्माच्या पन्नासेक व्याख्या जमवल्या होत्या. त्यावर जोनाथन स्मिथ यांचा शेरा असा की यातून धर्माची व्याख्या होत नाही असं ठरत नाही, ती पन्नासाहून अधिक प्रकारे होते असं ठरतं. दूध लिटरनं मोजतात, जमीन गुंठ्यानं. गुंठा चुकीचा नसतो, दुधाला चुकीचा असतो.

कायद्याला मात्र इतकी मुभा नाही, त्याला निकाल द्यावा लागतो. कर्नाटकातल्या उडुपीच्या शिरूर मठाच्या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धर्म म्हणजे फक्त श्रद्धा नव्हे, आचारही त्यात येतात. मात्र कुठला आचार अत्यावश्यक, हे ठरवायचं काम त्यामुळे न्यायालयांच्या गळ्यात पडलं. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग धरण्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे निर्बंध आले तेव्हा हाच प्रश्न सांगली जिल्ह्याच्या दारात आला. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यातून वेगळ्या वाटेनं सुटला. त्यानं अंधश्रद्धेची व्याख्या करण्याच्या फंदात न पडता अनुसूचीत १२ कृत्यं नेमकी लिहून काढली, आणि प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन यांना हा कायदा लागू नाही असं वेगळ्या कलमात सांगितलं. व्याख्येऐवजी यादी, ही युक्ती अभ्यासकांनीही शिकण्यासारखी आहे.

तुमच्याच गावची जत्रा लिहून काढायची असेल तर याच यादीच्या वाटेनं जावं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले, बिरोबा-खंडोबाच्या ओव्या जमवल्या. ॲन फेल्डहाउस यांनी माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटानं चढणाऱ्या कावडी पाहून कुठल्या गावची कावड कुठून येते याचे नकाशे जुळवले. दोघांच्याही कामाचा पाया नोंदी आहेत. जत्रेच्या निदान महिनाभर आधी सुरुवात करावी, कारण वर्गणी, बैठका आणि रुसवेफुगवे तेव्हाच होतात; जत्रेच्या दिवशी सगळं ठरून गेलेलं असतं. तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहाव्यात. पालखीचा मार्ग पायी चालून हातानं काढावा, ती कुठल्या आळीत जात नाही तेही दाखवावं. मानकऱ्यांची यादी करताना मानाचं नाव, घराणं आणि काम असे तीन रकाने ठेवावेत. कौल लावताना कळी उजवीकडून पडली की डावीकडून, प्रश्न काय होता, कितव्यांदा विचारला, हे तिथेच टिपावं. नंतर सगळ्यांना फक्त अनुकूल कौलच आठवतो.

‘का करता?’ हा प्रश्न शक्यतो विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे : पूर्वापार चालत आलंय. त्याऐवजी ‘मागं कधी राहिलं होतं का, तेव्हा काय झालं?’ असं विचारावं. गुरवाशी बोलून झालं की अभ्यास संपला असं समजणं ही सर्रास होणारी चूक. तितकीच दुसरी चूक म्हणजे फक्त पुरुषांना विचारणं. कुळाचारात काय लागतं, किती लागतं, कुठला नैवेद्य कुणाला, हे घरातल्या बायकांना माहीत असतं आणि नवस बऱ्याचदा त्यांनीच बोललेला असतो. स्वतःच्या गावात अभ्यास करणाऱ्याची अडचण निराळी : त्याला सगळं ‘माहीतच’ असतं, म्हणून तो लिहीत नाही. अंगात आलेल्या माणसाचा फोटो तर त्याला नंतर, शुद्धीवर असताना विचारल्याशिवाय वापरूच नये.

आणि जत्रा कमिटीची जमाखर्चाची वही बघायला मिळाली तर सोडू नये. वर्गणी घरटी आहे की माणशी, तमाशाला किती, मंडपाला किती, देवाच्या पोशाखाला किती, हे त्यात असतं. कुणाची वर्गणी मागायला जात नाहीत आणि कुणाची दिली तरी घेत नाहीत, हे लिहिलेलं नसतं. ते नावं मोजून काढावं लागतं. मुंबईला असलेल्यांची नावं कुठे आहेत तेही पाहावं : गावातल्या भावाच्या नावाखाली, की स्वतंत्र पानावर.